डोंगराचे नाव शेताच्या दप्तरात

वेल्सच्या आग्नेयेला, इंग्लंडच्या सीमेलगत ब्लॅक माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिचा सर्वांत उंच माथा ८११ मीटरचा आणि नकाशात त्याचे नाव छापलेले आहे ‘वाइन वाख’. वेल्श भाषेत याचा अर्थ लहानसा पाणथळ माळ. अख्ख्या रांगेत जो सर्वांत उंच, त्याला ‘लहान माळ’ का म्हणावे? माथ्यावर पोचल्यावर याचा उलगडा होऊ लागतो. शिखर म्हणावे असे तिथे काही नाही. काळ्या, भुसभुशीत पीट मातीचा सपाट पसारा आहे आणि पावसाळी दिवसांत त्यात पाय रुततो. शिखराकडे मान वर करून कुणी हे नाव ठेवलेले दिसत नाही. ते चराईच्या एका तुकड्याचे नाव असावे. नकाशात माथ्याशेजारी काहीतरी लिहायचे होते, तेव्हा जवळचे नाव उचलून तिथे बसवले गेले असावे.

वेल्समधल्या डोंगरांच्या नावांचा शोध घेताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला शिखराच्या नावाची फारशी गरज नसते. त्याची मेंढरे उतारावर चरतात. त्याला ओढा, घळ, कडा, दलदल, जुना मेंढवाडा आणि वाऱ्यापासून आडोसा देणारी खाच यांची नावे लागतात. धुक्यात हरवलेली मेंढी कुठे दिसली हे शेजाऱ्याला सांगायचे, तर ‘डोंगरावर’ म्हणून भागत नाही. वेल्श शेतकऱ्यांकडे ‘कनेविन’ असा शब्द आहे. कळपाला आपली म्हणून ठाऊक असलेली डोंगरावरची हद्द म्हणजे कनेविन. मेंढी ती हद्द आपल्या कोकराला शिकवते. मध्ये कुंपण नसले तरी कळप सहसा तिथेच राहतो, आणि शेत विकले गेले तरी कळप बहुधा त्या डोंगरासोबतच नव्या मालकाकडे जातो. नावे अशा हद्दींना चिकटलेली असतात. ज्याने डोंगर दुरून पाहिला, त्याला माथा दिसतो. ज्याने तो कसला, चारला, त्याला अंगाखांद्यावरच्या जागा दिसतात.

मग माथ्यांना नावे हवी होती कुणाला? पहिल्यांदा नकाशा काढणाऱ्यांना. ब्रिटनची ऑर्डनन्स सर्व्हे ही मोजणीसंस्था १७९१ मध्ये सुरू झाली. एका मैलाला एक इंच या प्रमाणाचे तिचे वेल्सचे नकाशे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाले आणि मैलाला सहा इंच हे तपशीलवार नकाशे त्या शतकाच्या उत्तरार्धात. नावे गोळा करायची तिची पद्धत चांगली होती. प्रत्येक नाव वहीत उतरवायचे, त्याचे वेगवेगळे लेखन नोंदवायचे आणि शेजारी ते सांगणाऱ्या माणसांची नावे लिहायची. पण कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, यात समाजातली उतरंड डोकावत असे. जमीनदार, त्याचा कारभारी आणि पाद्री यांच्या शब्दाला जे वजन होते, ते लहान कुळाच्या शब्दाला नव्हते. डोंगरावर रोज जाणारा मात्र हे कूळच.

या वह्या आज हाताशी असत्या, तर पुष्कळ प्रश्न सुटले असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, साउदॅम्प्टनवर बॉम्ब पडले आणि तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या कचेरीत ठेवलेले जुने दप्तर जळाले. इंग्लंडच्या काही परगण्यांच्या वह्या वाचल्या, वेल्सच्या गेल्या. नकाशावरचे नाव उरले, पण ते कोणी सांगितले आणि डोंगराच्या नेमक्या कोणत्या भागाबद्दल सांगितले, हे सांगणारा कागद नाहीसा झाला. त्यामुळे वेल्समध्ये शोधकाला दुसऱ्या दप्तरांकडे वळावे लागते.

गेल्या शतकात आणखी काही मंडळींना माथ्यांची नावे हवी झाली, ती म्हणजे डोंगरांच्या याद्या करणारे. अमुक फुटांहून उंच, आजूबाजूच्या खिंडीपासून अमुक उठाव असलेला, अशा कसोट्या लावून ब्रिटनमधल्या डोंगरांच्या याद्या होत गेल्या आणि हजारो गिरिप्रेमी त्या हातात घेऊन चढू लागले. यादीत रिकामी जागा ठेवता येत नाही. माथ्यावर नाव नसेल, तर जवळच्या ओढ्याचे किंवा वाडीचे नाव घेतले जाई, नाहीतर शेजारच्या डोंगराच्या नावाला ‘नॉर्थ टॉप’ किंवा ‘ईस्ट टॉप’ जोडले जाई. बर्विन रांगेतला सर्वांत उंच खडकाळ माथा तर यादीत ‘न्यू टॉप’ या नावाने वावरला. या मंडळींनी डोंगरांवर मनापासून प्रेम केले आणि मोजणीत मोठी भर घातली. पण छापलेले नाव फिरून पुढच्या नकाशात, पुस्तकात आणि लोकांच्या तोंडी जाते, आणि दोन पिढ्यांत तेच ‘मूळ’ वाटू लागते. म्हणून जुने नाव शोधण्याची निकड आहे.

शोधाचा सर्वांत मोठा आधार एका कराच्या दप्तरात सापडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. दहावी पेंढी, दहावे कोकरू, लोकरीचा दहावा वाटा. १८३६ च्या कायद्याने हा वस्तुरूप दशांश बंद झाला आणि त्याजागी रोख आकार आला. गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी तो बांधलेला होता. आकार बसवायचा, तर कोणाचे शेत कुठे आहे, केवढे आहे आणि त्यात काय पिकते, हे कळायला हवे. म्हणून पुढच्या वीसेक वर्षांत जवळजवळ सगळ्या वेल्सचे पॅरिशवार नकाशे निघाले; पॅरिश म्हणजे एकेका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. मोजणीदारांची साखळी २२ यार्डांची असे आणि नकाशे बहुधा तीन किंवा सहा साखळ्यांना एक इंच या प्रमाणात काढलेले असत. म्हणजे एकेक खाचर, एकेक कुंपण, घराशेजारची बाग, सगळे दिसते.

नकाशावर प्रत्येक तुकड्याला फक्त आकडा असतो. खरा खजिना आहे सोबतच्या आकारणीपत्रकात. त्याची मांडणी मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही, कारण सातबाऱ्याचे बरेच रकाने त्यात आहेत. डावीकडे जमीनमालक, मग प्रत्यक्ष वहिवाटणारा, मग नकाशातला तुकड्याचा आकडा, मग जमिनीचे नाव आणि वर्णन, मग लागवडीचा प्रकार, म्हणजे नांगरट, गवताळ, कुरण की झाडी. पुढे क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत. चार रूडांचा एकर आणि चाळीस पर्चांचा रूड. शेवटी चर्चला देय रक्कम. यातला ‘नाव आणि वर्णन’ हा रकाना डोंगरांच्या नावांसाठी सोन्यासारखा आहे. ती नावे टिकवून ठेवावीत, असा कायदा करणाऱ्यांचा काहीही हेतू नव्हता. तुकडे एकमेकांपासून वेगळे ओळखता यावेत एवढ्यासाठी ती लिहिली गेली. नेमक्या याच कारणाने ती विश्वासार्ह आहेत, कारण कोणाला खूश करण्यासाठी ती सजवलेली नाहीत.

हे दप्तर ज्या कराचे, तो कर वेल्समध्ये अत्यंत नावडता होता. एकोणिसाव्या शतकात बहुसंख्य वेल्श शेतकरी राजमान्य चर्चऐवजी आपापल्या वेगळ्या पंथांच्या चॅपेलमध्ये जात, आणि तरीही पैसे त्या चर्चला द्यावे लागत. १८८० च्या दशकात त्यांनी ते द्यायचे नाकारले. जप्तीला आलेल्या लोकांना गावेच्या गावे आडवी आली. १८८७ मध्ये उत्तर वेल्समधल्या लांगुम आणि मोख्द्रे इथे मोठे संघर्ष झाले. या लढ्याला ‘दशांशाचे युद्ध’ म्हणतात. ज्या कागदांनी त्या शेतकऱ्यांच्या घरात चिंता आणली, त्याच कागदांत त्यांच्या आजोबांच्या शेतांची नावे त्यांच्याच भाषेत जपली गेली, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येक नकाशाच्या तीन प्रती होत. एक कर आयुक्तांची, एक बिशपच्या कचेरीची, एक पॅरिशची. आयुक्तांच्या प्रती लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बिशपच्या कचेऱ्यांतल्या वेल्सच्या प्रती ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आल्या. तिथे ‘कनेविन’ याच नावाचा एक प्रकल्प २०१४ पासून राबवला गेला. हजारांहून अधिक नकाशांच्या डिजिटल प्रती झाल्या आणि स्वयंसेवकांनी घरबसल्या आकारणीपत्रके उतरवून काढली. आता शेताचे नाव टाइप केले की नकाशावर ते शेत समोर येते. पूर्वी यासाठी वाचनालयात बसून एकेक गुंडाळी उलगडावी लागे.

पण डोंगराचे नाव शोधू पाहणाऱ्याची पहिली भेट निराशेशीच होते. उघड्या डोंगराला या नकाशांत बहुधा एकच आकडा असतो आणि पत्रकात इंग्रजीत नुसते ‘डोंगर’, ‘मेंढ्यांची चराई’ किंवा ‘सामायिक कुरण’ एवढेच. जिथे पिकत नाही, तिथे कर थोडा आणि शब्दही थोडे. काही पॅरिशांत तर शेतांचीही नावे नाहीत, फक्त वाडीचे नाव आणि एकूण क्षेत्र.

इथे खरे काम सुरू होते. समजा, आजच्या नकाशात एका माथ्याशेजारी फक्त उंचीचा आकडा आहे. आधी पॅरिशची हद्द पाहायची. डोंगरधारेवरून हद्द जाणे हे वेल्समध्ये नेहमीचे, म्हणजे एका डोंगरासाठी निदान दोन, कधी तीन पॅरिशांची दप्तरे काढावी लागतात. मग माथ्यावरून नजर काढून खाली यायचे, डोंगराला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या कुंपणापाशी. बंदिस्त शेते आणि उघडा डोंगर यांच्या मधल्या चराऊ पट्ट्याला वेल्शमध्ये ‘फ्रीद’ म्हणतात. या फ्रीदांची आणि वरच्या शेतांची नावे एकामागून एक वाचत डोंगराला वळसा घालायचा. कुठे ‘काइ दान अ वॉइल’ भेटते, म्हणजे बोडक्या डोंगराखालचे शेत. कुठे ‘फ्रीद अ ग्राइग’, कड्याची चराई. एका बाजूच्या तीन शेतांच्या पोटात एकाच डोंगराचे नाव असेल आणि ती तिन्ही एकाच उताराला टेकलेली असतील, तर त्या उताराचे नाव हाती लागले असे म्हणता येते. दुसऱ्या बाजूच्या पॅरिशमध्ये वेगळेच नाव निघाले, तर गोंधळून जायचे कारण नाही. दोन खोऱ्यांतली माणसे एकाच डोंगराची दोन अंगे पाहत होती आणि दोन्ही नावे खरी आहेत.

यात फसगतीच्या जागा पुष्कळ. ‘मॉइल’ म्हणजे बोडका. ते डोंगराचे नाम असते, तसेच साधे विशेषणही असते. ‘काइ मॉइल’ हे शेत डोंगराशेजारी आहे म्हणून नव्हे, तर ते उघडेबोडके आहे म्हणूनही तसे म्हटले गेलेले असू शकते. वाडीचे नाव डोंगरावरून पडले की डोंगराला वाडीवरून नाव मिळाले, हाही प्रश्न सतत असतो. डोंगरावर वाडीचे नाव आले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा ‘अमक्या वाडीच्या हक्काची चराई’ असा असतो, आणि तेही एक खरे, जुने नाव आहे. त्याला कमी लेखू नये.

लेखनाची अडचण वेगळीच. वेल्शमध्ये शब्दाचे पहिले व्यंजन शेजारच्या शब्दामुळे बदलते. ‘मॉइल’ला निश्चित उपपद लागले की ‘वॉइल’ होते, ‘क्राइग’चे ‘ग्राइग’, ‘कार्नेद’चे ‘गार्नेद’. शिवाय हा ‘व’ वेल्श लिपीत एकेरी ‘एफ’ने लिहितात. इंग्रजी कारकुनाला हे ठाऊक नसे. तो कानाला ऐकू येई तसे ‘व्ही’ने लिही, किंवा अर्धे वेल्श आणि अर्धे इंग्रजी असे काहीतरी कडबोळे करी. त्यामुळे एकच नाव तीन कागदांत तीन रूपांत दिसते आणि शोधयंत्राला ती तीन वेगळी नावे वाटतात. शोधकाने नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, हाच उपाय. बँगर विद्यापीठात मेलव्हिल रिचर्ड्स या अभ्यासकाच्या स्थलनामांच्या चिठ्ठ्यांचा प्रचंड संग्रह आहे. एकेका नावाची निरनिराळ्या शतकांतली रूपे, कागद आणि तारखेसह त्यात नोंदलेली आहेत. १९७३ मध्ये ते गेले, पण आजही कोणी वेल्श स्थलनामावर लिहायला बसले की आधी तो संग्रह चाळतो.

दशांशाच्या दप्तरामागे गेले की जमीनदारांचे दप्तर लागते. विनस्टे, पेन्‌रिन, ट्रॉसगोएड या इस्टेटींनी आपापल्या जमिनींचे नकाशे अठराव्या शतकापासून करून घेतले. डोंगर त्यांच्या दृष्टीने मोकळा नव्हता. तिथे कुळांची चराई होती आणि शेजारच्या इस्टेटीशी हद्दीचा वाद होता. जिथे वाद, तिथे नावे दाट. १५४३ ते १८३० या काळात वेल्समध्ये ‘ग्रेट सेशन्स’ नावाची न्यायालये होती आणि त्यांचे कागद ॲबरिस्टविथला आहेत. मेंढीचोरी, चराईवरची मारामारी किंवा हद्दीचा तंटा असला, की कुठे काय घडले ते सांगताना डोंगरावरच्या जागा नावानिशी कागदावर येतात. एकोणिसाव्या शतकात कुंपणबंदीच्या कायद्यांनी सामायिक डोंगर वाटले गेले, तेव्हाच्या निवाड्यांतही तसेच. आपला वाटा वाचवण्यासाठी प्रत्येकाला नेमके बोलावे लागते.

त्याहून मागे दानपत्रे आहेत. बाराव्या शतकात तयार झालेल्या लँडाफच्या ग्रंथात चर्चला दिलेल्या जमिनींच्या चतुःसीमा वेल्श भाषेत लिहिल्या आहेत. अमक्या झऱ्यापासून वर धारेपर्यंत, धारेवरून अमक्या दगडापर्यंत, तिथून ओढ्याने खाली. मठांच्या सनदांतही असेच. चतुःसीमा लिहिणारा डोंगराच्या सौंदर्यावर एक शब्द खर्च करत नाही, पण हद्द डोंगराच्या कोणत्या भागावरून जाते ते सांगतो. नावापेक्षाही त्याची जागा सांगणारा हा पुरावा असतो.

जुने उल्लेख वाचताना दिसते की नावे हलतात. ११८८ मध्ये जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू आर्चबिशपबरोबर वेल्सभर फिरला. आज बान्नाइ ब्रकाइनियोग म्हटल्या जाणाऱ्या रांगेतल्या मुख्य डोंगराला त्याने आर्थरची खुर्ची म्हटले आहे आणि खुर्ची का, तर दोन माथ्यांमुळे तसा आकार दिसतो, असे कारण दिले आहे. त्याचा डोंगर म्हणजे आजचे पेन अ वान (८८६ मीटर) आणि शेजारचा कोर्न दी, असे मानले जाते. नाव जोडीला होते, आता दोन माथ्यांना दोन नावे आहेत. अँगलसी बेटावरच्या एका टेकडीचे तर नावच मालकाबरोबर बदलले. ती आधी त्रस्ग्लुइन म्हणून ओळखली जाई. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ओवाइन ग्लिनदूर या वेल्श सरदाराच्या बंडानंतर रॉबर्ट पॅरिस या राजाच्या अधिकाऱ्याकडे ती गेली आणि ‘मनिद पॅरिस’ झाली. अठराव्या शतकात तिथे तांबे सापडले, खाण जगभर गाजली आणि नवे नाव कायमचे पक्के झाले. जुने उरले ते जमिनीच्या कागदांत.

अलीकडे या कामाला राज्याचा आधार मिळाला आहे. २०१६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थलनामांची अधिकृत यादी ठेवणे वेल्समध्ये बंधनकारक झाले. २०१७ मध्ये ती खुली झाली, तेव्हा तिच्यात साडेतीन लाखांवर नावे होती. कायदा नाव बदलायला बंदी करत नाही, पण नाव ठरवणाऱ्या स्थानिक संस्थांना आधी यादी पाहावी लागते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाने स्नोडन या शिखरनामाऐवजी ‘अर विद्वा’ आणि स्नोडोनियाऐवजी ‘एररी’ ही नावे वापरायचे ठरवले. इंग्रजी नावही काही कालचे नव्हे, १०९५ सालच्या नोंदीत ते आहे. पण त्या डोंगराखाली राहणाऱ्यांचे नाव शेकडो वर्षे कंसात राहिले होते, ते बाहेर आले. ही घटना १,०८५ मीटर उंचीच्या, जगाला ठाऊक असलेल्या शिखराची. ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, अशा शेकडो टेकड्यांसाठी ठराव होत नाहीत. त्यांचे नाव सापडायचे, तर ते दप्तरांत आणि माणसांच्या तोंडीच.

म्हणून कागद संपले की शेवटी शेतकऱ्याकडे जावे लागते. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० निघाले, लोकसंख्येच्या १७.८ टक्के, आणि डोंगरी शेते हा या भाषेचा भक्कम गड आहे. ‘या डोंगराला काय म्हणतात?’ हा प्रश्न मात्र तिथे निरुपयोगी ठरतो. उत्तर येते ‘डोंगर’. विचारायचे ते असे: मेंढ्या खाली आणताना तुम्ही कोण कुठे उभे राहता? हे नाव कोणत्या ओढ्यापर्यंत? त्यापलीकडे काय म्हणतात? मग हात वर जातो, बोट उताराच्या कडेने फिरते आणि दशांशाच्या पत्रकात अडखळत लिहिलेले नाव त्याच्या खऱ्या उच्चारात ऐकू येते. कधी माथ्यावर छापलेले नाव शेजारच्या सोंडेचे निघते. कधी बिननावाच्या माथ्याला दोन नावे मिळतात. अशी नोंद करताना नाव, सांगणारा कोणत्या बाजूला राहतो, आणि नाव डोंगराच्या कोणत्या भागाला लागते, या तिन्ही गोष्टी लिहायला हव्यात, कारण तिसरी गोष्ट सोडली की पुन्हा ‘वाइन वाख’सारखी अदलाबदल होते. आणि दोन्ही पॅरिशांची दप्तरे, इस्टेटीचे नकाशे आणि खालच्या वाड्यांतली माणसे यांपैकी कोणाकडेच माथ्याचे नाव नसेल, तर माझ्या मते तिथे नवे नाव घडवू नये. उंचीचा आकडा तेवढा ठेवावा आणि भोवतालच्या उतारांची नावे मात्र सगळीच्या सगळी लिहावीत.